कन्सोलचं वय कुठे ठरतं

मी गेम टेस्टर आहे. नव्या पिढीच्या कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राची, कुणकुण लागली की ओळखीतले लोक त्याचे आकडे वाचायला लागतात: टेराफ्लॉप्स (म्हणजे आकडेमोडीचा वेग) किती, मेमरी किती. मी त्या काळात बहुतेक वेळ जुन्या कन्सोलवरची बिल्ड, म्हणजे गेमची त्या वेळची आवृत्ती, तपासत असते, कारण दोन पिढ्या एकत्र नांदत असतात तेव्हा गेम मोडतो तो जुन्या यंत्रावर. त्यामुळे सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) किंवा मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज अजून किती वर्षं तग धरेल, या प्रश्नाकडे मी दुकानाच्या बाजूने बघत नाही. कन्सोल कालबाह्य होतो तो स्टुडिओतल्या एखाद्या बैठकीत, आणि खेळणाऱ्याला त्याचा पत्ता लागतो काही वर्षांनी. मला सांगायचंय ते एवढंच, पण ते नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

प्लेस्टेशन २ जपानमध्ये मार्च २००० मध्ये आला आणि प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये. नवा आला म्हणजे जुन्याचा खेळ आटोपला, असं व्हायला हवं होतं. पण 'गॉड ऑफ वॉर २' मार्च २००७ मध्ये निघाला तो पीएस२ वर. 'पर्सोना ४' २००८ मध्ये आला, तोही पीएस२ वरच. २०१२ संपून २०१३ उजाडताना सोनीने पीएस२ चं उत्पादन थांबवलं आणि त्यानंतरही, पीएस४ दोन महिन्यांवर येऊन ठेपलेला असताना, 'फिफा १४' पीएस२ साठी बाजारात आला. म्हणजे पुढची पिढी सबंध येऊन गेली तरी हे यंत्र जागेवरच होतं. पीएस३ सुरुवातीला महाग होता, त्याच्या 'सेल' नावाच्या प्रोसेसरसाठी प्रोग्राम लिहिताना लोकांच्या नाकी नऊ यायचे, आणि पीएस२ मात्र पंधरा कोटींहून जास्त विकला गेला. एवढे खेळणारे सोडून कोण जाईल?

पहिल्या एक्सबॉक्सचं याच्या अगदी उलट झालं. नोव्हेंबर २००१ मध्ये आला, नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला आणि पहिला झपाट्याने मागे पडला. यंत्र दुबळं होतं म्हणून नाही. त्या पिढीत तेच सगळ्यात ताकदवान होतं. पण त्यातल्या चिप इंटेल आणि एनव्हिडियाकडून विकत घेतलेल्या होत्या, त्यांचं डिझाइन मायक्रोसॉफ्टच्या हातात नव्हतं, त्यामुळे वर्षं गेली तरी बनवण्याचा खर्च हवा तसा उतरेना. तोट्यात विकलं जाणारं यंत्र कंपनीला लवकर मागे टाकायचं होतं. ड्रीमकास्टची गोष्ट तर आणखी चटका लावणारी आहे. नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानमध्ये आला आणि जानेवारी २००१ च्या अखेरीस सेगाने तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याची जागा घेणारा सेगाचा दुसरा कन्सोल आलाच नाही. तेव्हा नवा कन्सोल जुन्याला मारतो, ही समजूत मला पटत नाही. जुना जातो तो हिशेबाच्या वहीमुळे आणि स्टुडिओतल्या एका यादीमुळे.

ती यादी म्हणजे गेम कोणकोणत्या यंत्रांवर निघणार त्याची यादी. ती प्रकल्पाच्या सुरुवातीलाच ठरते, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर टेकलेले असतात. आणि यादीतलं सगळ्यात हळू यंत्र बाकी सगळ्यांची मर्यादा ठरवतं. इथे बऱ्याच जणांना वाटतं की अडचण ग्राफिक्सची असते. ग्राफिक्स सगळ्यात सोपं. रिझोल्यूशन उतरवा, सावल्या जाडसर करा, लांबचं गवत काढून टाका, गेम चालतो. प्रोसेसरला असं उतरवता येत नाही. बाजारात दोनशे माणसं फिरतात आणि प्रत्येक जण स्वतःचं काहीतरी करतो अशी कल्पना असेल, आणि जुना प्रोसेसर साठ माणसांतच दमत असेल, तर मग साठ माणसांचाच बाजार लिहावा लागतो, नाहीतर दोन वेगळे गेम लिहावे लागतात.

याची उघड उदाहरणं आहेत. 'मिडल-अर्थ: शॅडो ऑफ मॉर्डॉर' २०१४ मध्ये पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर (३६० च्या पुढच्या यंत्रावर) आला तेव्हा त्याचं सगळं नाव झालं ते शत्रू तुम्हाला लक्षात ठेवतात, सूड घ्यायला परत येतात या रचनेमुळे. पीएस३ आणि ३६० वरच्या आवृत्तीत नेमकी तीच रचना पातळ झाली होती. २०१५ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स ३' मध्ये जुन्या कन्सोलवर कथेचा भागच नव्हता, फक्त मल्टिप्लेअर आणि झॉम्बी. डबीवर नाव तेच, आत अर्धा गेम. अशा वेळी यंत्र अजून चालतंय असं म्हणायचं का? माझ्या मते नाही. ते यादीत आहे, एवढंच.

पीएस४ च्या बाबतीत दोन जागा कमकुवत होत्या. एक म्हणजे प्रोसेसरचे जॅग्वार जातीचे आठ कोअर, जे २०१३ मध्येही वेगासाठी ओळखले जात नव्हते. दुसरी जागा हार्ड डिस्क. फिरत्या तबकडीवरून माहिती वाचायची तर तिचा हात योग्य जागी पोहोचेपर्यंत वेळ जातो. तो वाचवण्यासाठी एकच वस्तू डिस्कवर पुन्हा पुन्हा साठवून ठेवायची पद्धत होती. पीएस५ ची रचना समजावताना तिचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या व्याख्यानात सांगितलं होतं की 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' मध्ये काही गोष्टी हार्ड डिस्कवर चारशे वेळा साठवलेल्या होत्या. शहरात कुठेही झोका घ्या, जवळची प्रत पटकन सापडावी म्हणून. खेळताना मध्येच एखाद्या अरुंद फटीतून अंग चोरून जायला लावतात, किंवा लिफ्टमध्ये उभं करून दोन पात्रांना गप्पा मारायला लावतात, तेही बऱ्याचदा याचसाठी. मागे डिस्क घरघरत असते.

आम्ही टेस्टर लोक नेमके हेच दुखरे बिंदू शोधतो. सगळ्यात जुन्या मॉडेलचा कन्सोल घ्यायचा, मूळची हार्ड डिस्क ठेवायची, आणि शहरातल्या सगळ्यात गजबजलेल्या चौकातून सगळ्यात वेगवान गाडी हाणायची. मध्येच वळून मागे बघायचं. रस्ता अजून तयार झालेला नसतो. स्फोट चालू असताना ऑटोसेव्ह पडेल अशी वेळ साधायची. रात्रभर गेम चालू ठेवायचा आणि सकाळी मेमरी किती उरली ते बघायचं. याला आम्ही सोक टेस्ट म्हणतो. नव्या कन्सोलवर सकाळी गेम जिथल्या तिथे असतो. जुन्यावर पुष्कळदा काळा पडदा. मग तोच बग पुन्हा, तीच नोंद पुन्हा, प्रोग्रामर कुठूनतरी थोडी मेमरी वाचवून आणतो, आणि आठवड्याभरात दुसरा कोणीतरी नवीन काहीतरी घालून ती खाऊन टाकतो. बाहेरून 'पीएस४ वरही उपलब्ध' अशी एक ओळ दिसते. तिच्यामागे किती जणांच्या रात्री गेलेल्या असतात हे मी पाहिलंय, आणि त्या ओळीबद्दल मला मनापासून आदर आहे.

ते काम जमलं नाही तर काय होतं हेही सगळ्यांनी पाहिलं. 'सायबरपंक २०७७' १० डिसेंबर २०२० रोजी आला. मूळच्या पीएस४ वर त्याची अवस्था इतकी वाईट होती की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला, आणि तो परतला जून २०२१ मध्ये. पुढे २०२३ मध्ये 'फँटम लिबर्टी' हा मोठा विस्तार आला तेव्हा पीएस४ आणि एक्सबॉक्स वन यादीत नव्हतेच. मला तो निर्णय योग्य वाटला. न झेपणारी आवृत्ती पैसे घेऊन विकण्यापेक्षा नाही म्हणणं जास्त प्रामाणिक.

आता गंमत बघा. मोठा गेम बनायला हल्ली चार-पाच वर्षं सहज लागतात. म्हणजे २०२१-२२ च्या सुमारास ज्या प्रकल्पांनी पीएस४ ला यादीतून वगळलं, ते गेम लोकांच्या हातात पडायला २०२६ उजाडतं. मधल्या काळात आधी सुरू झालेले गेम येतच राहतात: २०२२ मध्ये 'होरायझन फॉरबिडन वेस्ट', 'एल्डन रिंग', 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक', तिन्ही पीएस४ वर. खेळणाऱ्याला वाटतं, अरे, अजून सगळं येतंय की! पण स्टुडिओतल्या टेबलावरून ते यंत्र कधीच उचललेलं असतं. 'जीटीए ६' जाहीर झाला तो पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. पीएस४ चं नाव त्यात नव्हतं.

त्यानंतर उरतात ते दरवर्षीचे गेम आणि फुकट खेळायचे गेम. त्यांचं गणित वेगळं असतं. तिथे माणसं महत्त्वाची, आणि माणसं जुन्या यंत्रावर असतात. २०२४ च्या मे महिन्यात सोनीने गुंतवणूकदारांना दाखवलेल्या आकड्यांत पीएस५ वर महिन्याला सुमारे ४.९ कोटी खेळणारे होते आणि पीएस४ वरही जवळपास तेवढेच. नवा कन्सोल येऊन साडेतीन वर्षं झाल्यावरचा हा आकडा आहे. म्हणून २०२५ चा 'कॉल ऑफ ड्यूटी'ही पीएस४ वर निघाला आणि फुटबॉलचा 'ईए स्पोर्ट्स एफसी २६'ही. पण इथेही गळती लागली आहे. 'गेन्शिन इम्पॅक्ट' सारखा, सतत वाढत जाणारा गेम पीएस४ वरून टप्प्याटप्प्याने काढून घेतला जाणार असं २०२५ मध्ये जाहीर झालं. जानेवारी २०२६ पासून प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या वर्गणीच्या सेवेतल्या मासिक गेममध्ये पीएस४ वर भर राहणार नाही, हे सोनीने वर्षभर आधीच सांगितलं होतं. एकेक दिवा असा विझवत जातात.

माझा भाचा हल्ली मला सारखा विचारतो, "मावशी, पीएस५ आता घेऊ का पीएस६ ची वाट बघू?" मी त्याला सांगितलं, खेळायचं असेल तर घे. आणि कारणंही सांगितली, कारण नुसतं 'घे' म्हटलं की तो पुन्हा विचारणार.

पहिलं कारण असं की पीएस४ वर ज्या दोन जागा दुबळ्या होत्या, त्या पीएस५ वर नाहीत. प्रोसेसरचे झेन २ जातीचे आठ कोअर बऱ्यापैकी दमदार आहेत आणि एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, कच्च्या वेगात सेकंदाला ५.५ जीबी वाचते. पुढच्या पिढीचं यंत्र याहून वेगवान असेलच, पण हार्ड डिस्कवरून एसएसडीवर जाताना पडला तसा खड्डा मध्ये दिसत नाही. म्हणजे एका गेमच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवणं या वेळी कमी त्रासाचं असेल, आणि स्टुडिओ पीएस५ ला यादीत जास्त काळ ठेवू शकेल.

दुसरं कारण माझ्या मते सगळ्यात वजनदार आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. निन्टेन्डो स्विच २ जून २०२५ मध्ये आला. तो नवा आहे, पण ताकदीने पीएस५ च्या खाली आहे. मोठ्या स्टुडिओंना त्याचे खेळणारे हवे आहेत. हातात धरून खेळायच्या पीसींवर चालतील अशा बेतानेही गेम बनू लागले आहेत. यादीत स्विच २ आहे तोवर पीएस५ ला धोका नाही, कारण सगळ्यात हळू यंत्र तो नसेल. पहिल्या स्विचने हे दाखवूनच दिलंय: त्यातली टेग्रा एक्स१ चिप २०१५ ची, तिच्यावर २०२३ मध्ये 'टीअर्स ऑफ द किंग्डम' उभा राहिला.

एक्सबॉक्स सिरीजमध्ये दोन यंत्रं आहेत, एक्स आणि कमी ताकदीचं एस. त्यातल्या सिरीज एस बद्दल मी एवढ्या विश्वासाने बोलणार नाही. त्याला मेमरी आहे १० जीबी, सिरीज एक्सला १६. 'बाल्डर्स गेट ३' पीएस५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये, कारण एका पडद्यावर दोघांनी खेळायची सोय सिरीज एस वर बसेना. शेवटी लॅरियनने, म्हणजे गेम बनवणाऱ्या स्टुडिओने, ती सोय सिरीज एस वर वगळून गेम काढला. ही पिढी जेव्हा मोडायला लागेल तेव्हा पहिली भेग तिथेच दिसेल असं मला वाटतं.

तिसरं कारण पैशाचं. पूर्वी चिप दर काही वर्षांनी लहान आणि स्वस्त व्हायची, आणि कन्सोलची किंमत उतरायची. पीएस३ आधी महाग, मग बारीक झाला, मग बऱ्याच जणांच्या आवाक्यात आला. आता चिप लहान होते पण तेवढी स्वस्त होत नाही. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजच्या किमती पिढीच्या मध्यावर उतरायच्या ऐवजी वाढल्या, हे मी तरी आधी कधी पाहिलं नव्हतं. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी अशी काही वाढवली की तिचे भाव भडकले. अशा परिस्थितीत येणारा पुढचा कन्सोल स्वस्त नसणार, आणि तो महाग असला तर लोक जुन्यावरच थांबतील. लोक थांबले की यादीही थांबते. मार्क सर्नी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये चिप बनवणाऱ्या एएमडीच्या जॅक हुइन यांच्यासोबत पुढच्या कन्सोलसाठीच्या तंत्रज्ञानाबद्दल सांगताना 'काही वर्षांत' एवढाच काळ दिला. त्यावर माझा हिशेब असा: पुढचा प्लेस्टेशन आल्यावरही दोन-तीन वर्षं मोठे गेम पीएस५ वर येत राहतील, आणि ऑनलाइन गेम त्याहून जास्त.

ज्यांच्याकडे कन्सोल आहे त्यांनी मात्र एक खूण लक्षात ठेवावी. गेमच्या सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स' आणि 'क्वालिटी' असे दोन पर्याय असतात, म्हणजे एकात सेकंदाला ६० फ्रेम आणि दुसऱ्यात ३० फ्रेम पण देखणं चित्र. यंत्र म्हातारं होतं तेव्हा आधी हा ६० चा पर्याय जातो. एखाद-दुसऱ्या गेममध्ये गेला तर त्या गेमची ती निवड असेल. पण लागोपाठ मोठे गेम फक्त ३० फ्रेमवर यायला लागले की समजायचं, प्रोसेसरचा दम संपत आला. रिझोल्यूशन कमी झालं म्हणून घाबरायचं कारण नाही, ते चित्र मोठं करण्याचं तंत्र भरून काढतं. पीएस५ प्रो मध्ये त्यासाठी पीएसएसआर आहे, साध्या पीएस५ मध्ये तसं हार्डवेअर नाही, तिथे चित्र थोडं भुरकट दिसेल. खेळायला अडचण नाही.

नवे गेम थांबल्यानंतरही कन्सोलचं एक आयुष्य असतं, आणि त्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. पूर्वी ते आयुष्य कोणाच्या हातात नव्हतं: कार्ट्रिज लावा आणि खेळा. आता ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर टेकलेलं आहे. निन्टेन्डोच्या वी या कन्सोलचं ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं, वी यू आणि ३डीएसचं मार्च २०२३ मध्ये, एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. पहिल्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा १५ एप्रिल २०१० रोजी बंद झाली तेव्हा 'हेलो २' खेळणाऱ्या काही जणांनी आपले कन्सोल बंदच केले नाहीत. नव्याने कोणाला आत जाता येत नव्हतं, पण जे आत होते ते खेळू शकत होते. एकेकाचं कनेक्शन तुटत गेलं, आणि मे महिन्यात शेवटचा माणूस बाहेर पडला. त्या लोकांना मी पूर्णपणे समजू शकते.

पीएस३ च्या बाबतीत सोनीने मार्च २०२१ मध्ये दुकान बंद करायचं ठरवलं होतं. लोकांनी एवढा आवाज उठवला की महिन्याभरात निर्णय मागे घ्यावा लागला. पीएस३ मात्र खास जपायला हवा, कारण सेल प्रोसेसरमुळे त्याचे गेम पीएस४ वर किंवा पीएस५ वर डिस्क घालून चालत नाहीत. पीएस४ चं तसं नाही, त्याचे जवळपास सगळे गेम पीएस५ वर चालतात, आणि बरेचसे आधीपेक्षा गुळगुळीत. स्विचचे बहुतेक गेमही स्विच २ वर चालतात. यंत्र गेलं तरी संग्रह पुढे जातो, ही या पिढीतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे, आणि पुढच्या पिढीत ती मोडता कामा नये.

तोवर स्वतःच्या जुन्या कन्सोलसाठी मी जे करते ते सांगते. विकत घेतलेले डिजिटल गेम कन्सोलवर उतरवून ठेवते, नुसते खात्यात आहेत म्हणून सोडून देत नाही. डिस्कवरच्या गेमचे अपडेटही सर्व्हर चालू आहे तोवर उतरवून घेते, कारण डिस्कवर असते ती पहिल्या दिवसाची बिल्ड, आणि त्या बिल्डमध्ये काय काय राहून गेलेलं असतं ते मला चांगलं माहीत आहे. पंख्यातली धूळ काढते. पीएस४ मधलं घड्याळ चालवणारं नाण्यासारखं सेल संपलं असेल तर बदलते. २०२१ मधल्या ९.०० या सॉफ्टवेअर अपडेटच्या आधी ते संपलेलं असताना ऑनलाइन जाता आलं नाही तर गेम सुरूच व्हायला नकार देत असत, म्हणून तो अपडेट जुन्या कन्सोलवर टाकलेला आहे ना, तेवढं नक्की बघून घ्या. डिस्क ड्राइव्ह वेगळा जोडायचा पीएस५ कोणाकडे असेल तर ड्राइव्ह एकदा इंटरनेटवरून जोडून घ्या. पहिल्या जोडणीला सर्व्हर लागतो, नंतर लागत नाही.